आधी रूममेट, मग फ्लॅट: ठाणे-नवी मुंबईत घर शेअर करण्याआधीची कामं, क्रमाने

जून उजाडला की माझ्या फोनवर एकाच छापाचे मेसेज येऊ लागतात. "ताई, ऐरोलीत वन बीएचके मिळालाय, टोकन दिलंय, १ तारखेला चावी. आता पार्टनर बघून दे ना कुणी." तारीख बघावी तर २५. म्हणजे ५ दिवसांत अशी व्यक्ती शोधायची, जिच्याबरोबर पुढचे ११ महिने एकच बाथरूम, एकच शेगडी आणि एकच वीजबिल. ५ दिवसांत मिळतं ते अर्धं भाडं, रूममेट मिळत नाही. ऑगस्टमध्ये त्याच मुलीचा दुसरा मेसेज येतो, आणि तो बराच लांबलचक असतो.

मी ऐरोली, कोपरखैरणे, खारघर अशी ११ वर्षं भाड्याने राहिलेय. ७ रूममेट झाल्या. दोघींशी आजही रोज बोलणं आहे, एकीने माझे १८ हजार बुडवले, आणि एकीला मीच छळलं असं आता कळतंय. माझा सगळा अनुभव मुलींच्या फ्लॅटचा, म्हणून खाली सगळीकडे ‘ती’ लिहिलंय. मुलांसाठी एकही पायरी वेगळी नाही, फक्त सोसायटीचे सेक्रेटरी चार प्रश्न जास्त विचारतात.

क्रम असा धरा: स्वतःचा कागद, ठिकाण, माणूस, पैसा, नियम, मग टोकन, शेवटी करार. बहुतेक जण टोकनपासून सुरुवात करतात आणि बाकीचं भांडणातून शिकतात.

टप्पा १ : आधी स्वतःबद्दल लिहा

कोरा कागद घ्या आणि गेल्या आठवड्यात तुम्ही प्रत्यक्षात कसे जगलात ते लिहा. उठलात किती वाजता, अंघोळ कधी, स्वयंपाक केला की डबा मागवला, घरून काम कोणत्या दिवशी, झोपलात कधी. "साधारण ११ ला झोपते" असं लिहायचं नाही. मंगळवारी दीडला झोपला असाल तर दीड लिहा.

वेळापत्रकाला एवढं महत्त्व का, ते मी स्वतः चुकून शिकले. ऐरोलीतली माझी दुसरी रूममेट रात्रपाळीची होती. ऐरोली-घणसोली-महापे पट्ट्यात परदेशी वेळेची ऑफिसं इतकी आहेत की यात नवल काहीच नाही. ती पहाटे साडेपाचला यायची, सहाला झोपायची. मी साडेआठला कुकर लावायचे, चार शिट्ट्या. रोज. तिने एकदाही तक्रार केली नाही, मला वाटलं तिला चालतंय. सातव्या महिन्यात तिने सामान बांधलं तेव्हा तिच्या उशीखाली कापसाचे दोन बोळे सापडले. स्वभावाने आम्ही दोघी उत्तम होतो, घड्याळं मात्र एका घरात मावणारी नव्हती.

दुसरी नोंद पैशाची. भाडं, मेंटेनन्स, वीज, गॅस, वायफाय, मावशी, पाण्याचे जार, सगळं धरून महिन्याला जास्तीत जास्त किती देऊ शकता, तो एकच आकडा. हातात येणाऱ्या पगाराच्या तिसऱ्या हिश्शाच्या वर गेलात तर चौथ्या महिन्यात तुम्हीच कुणाची तरी उधारी थकवणार, हा माझा ठोकताळा.

तिसरी नोंद सर्वांत अवघड. तुम्हाला अजिबात न चालणाऱ्या ३ गोष्टी, आणि तुमच्या ३ सवयी ज्या दुसऱ्याला त्रासदायक आहेत. दुसरी यादी स्वतः करू नका, बहिणीला किंवा हॉस्टेलवरच्या मैत्रिणीला फोन लावा. माझी बहीण क्षणभरही न थांबता म्हणाली, "तू रागावलीस की बोलत नाहीस, भांडी आपटतेस." हे मला पंचवीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

तपासा: न चालणाऱ्या गोष्टी ३ वर आणता येत नसतील, तर रूममेट शोधू नका. स्टेशनपासून थोडा लांब, गावठाणातला वन आरके बघा आणि एकट्या राहा. त्यात कमीपणा नाही, आणि दोन जणींचा मनस्ताप वाचतो.

टप्पा २ : ठिकाण दोघींचं, एकीचं नव्हे

जिचा प्रवास वाईट, ती आधी घर सोडते. हे मी इतक्या फ्लॅटमध्ये बघितलंय की आता भविष्य सांगितल्यासारखं सांगते. म्हणून माणूस शोधायच्या आधी ठरवा: कोणत्या स्टेशनांच्या पट्ट्यात तुम्ही राहाल, आणि त्या पट्ट्यातून कुणाचं ऑफिस गाठता येतं.

ठाणे-वाशी आणि ठाणे-पनवेल या ट्रान्स-हार्बरच्या गाड्या तुर्भ्यापर्यंत एकाच मार्गाने जातात. पुढे वाशीची गाडी सानपाड्याकडे वळते, पनवेलची जुईनगर-नेरूळकडे. त्यामुळे एकीचं ऑफिस ऐरोलीत आणि दुसरीचं फोर्टात असेल, तर ऐरोलीतलं घर दुसरीला रोज ठाण्याला किंवा वाशीकडे गाडी बदलायला लावतं. तेच घर सानपाड्याला घेतलं तर दोघींना एकेक सरळ गाडी मिळते, एकीला ट्रान्स-हार्बर, दुसरीला हार्बर. खारघरला घर आणि महाप्याला नोकरी म्हणजे गाडी अधिक रिक्षा. घोडबंदर रोडवर फ्लॅट मोठे दिसतात, पण ठाणे स्टेशन गाठायला बस नाहीतर रिक्षा, आणि मधली वाहतूक. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी तो प्रवास करून बघा आणि मगच ‘चालेल’ म्हणा.

पाण्याचं जाता जाता विचारून घ्या. काही इमारतींत पाणी ठरावीक वेळेलाच येतं, उन्हाळ्यात टँकर. सकाळी एकच तास पाणी आणि दोघींची गाडी ८ ची असेल, तर बादल्यांवरून खटके उडणार हे आजच लिहून ठेवा.

टप्पा ३ : शोध कुठे घ्यायचा

माझ्या पसंतीचा क्रम: ओळखीच्याची ओळख, ऑफिसातली पण दुसऱ्या टीममधली, गावाकडच्या ग्रुपवरची, आणि सर्वांत शेवटी अॅप किंवा फेसबुक. स्वतःच्या टीममधली नको. ऑफिसात रुसवा झाला की तो घरी येतो, घरी झाला की अप्रायझलला भेटतो. जिवलग मैत्रीण हा मोह तर मुळीच नको. मैत्रिणीकडे भाडं मागायला जीभ रेटत नाही, आणि सगळं तिथूनच बिघडतं.

जाहिरात टाकताना इमारतीचं नाव आणि फ्लॅट नंबर लिहू नका. सेक्टर, स्टेशन, भाड्याचा हिस्सा, कामाची वेळ, आणि ती एक गोष्ट जी तुम्हाला चालत नाही, एवढं पुरे. "डिसेंट गर्ल हवी" याने काहीच गाळलं जात नाही, कारण स्वतःला डिसेंट न समजणारी मुलगी मला अजून भेटायची आहे.

सावध: "मी आर्मीत आहे, पोस्टिंग झालंय, क्यूआर कोड पाठवतो, स्कॅन करा म्हणजे डिपॉझिट तुमच्या खात्यात येईल" असा फोन आला तर ठेवून द्या. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन कधीही टाकावा लागत नाही. पिन मागितला म्हणजे पैसे तुमच्या खात्यातून जाणार.

टप्पा ४ : फोनवरची १० मिनिटं

बहुतेक जण इथे गप्पा मारतात. गाव कुठलं, कॉलेज कुठलं, अगं माझी मावसबहीणपण तिथेच, आणि २० मिनिटांनी फोन ठेवताना दोघींना वाटतं, जमलं. कामाचं काहीच विचारलेलं नसतं.

चुकीचे प्रश्न ‘तू कशी आहेस’ या जातीचे असतात. स्वच्छ आहेस का, ॲडजस्टिंग आहेस का. उत्तर ठरलेलं, हो. त्यांच्याऐवजी गेल्या काही दिवसांत काय घडलं ते विचारा. "स्वच्छता आवडते का?" ऐवजी "काल रात्रीची भांडी कधी घासली गेली, आणि कुणी?" "पैशाला चोख आहेस ना?" ऐवजी "या महिन्याचं भाडं कोणत्या तारखेला दिलंस?" "पाहुणे येतात का?" ऐवजी "गेल्या दोन महिन्यांत तुझ्याकडे राहायला कोण कोण आलं, किती दिवस?" "लवकर झोपतेस का?" ऐवजी "काल दिवा कधी मालवलास?"

घडलेल्या गोष्टीबद्दल खोटं बोलायला क्षणभर विचार करावा लागतो, आणि तो क्षण फोनवरही ऐकू येतो.

हे पाच तरी विचाराच: कामाची वेळ आणि ती पुढच्या सहा महिन्यांत बदलणार आहे का, घरून काम किती दिवस, लग्न, बदली किंवा परदेश असं काही ठरतंय का, आधीचं घर का सोडतेय, आणि आधीच्या रूममेटचा नंबर देशील का. लग्नाचा प्रश्न विचारायला संकोच वाटतो, पण ११ महिन्यांचा करार तिसऱ्या महिन्यात मोडण्याचं सर्वांत सभ्य कारण तेच असतं. विचारा, हसत विचारा.

मग तुमची बाजू सांगा. टप्पा १ मधल्या तुमच्या ३ सवयी फोनवरच सांगून टाका. "मी सकाळी साडेआठला कुकर लावते आणि रागावले की भांडी आपटते." समोरून हसू आलं तर पुढे चला. शांतता आली तर बरंच झालं, एक चक्कर वाचली.

तपासा: ती तुम्हाला काहीच विचारत नसेल, तर तिला रूममेट नको आहे, खोली हवी आहे. तीही चालू शकते, पण मग तसं समजूनच घ्या.

टप्पा ५ : तिच्या सध्याच्या खोलीवर जाऊन या

भेट कॅफेत नको. मॉलच्या फूड कोर्टात माणूस सगळ्यात शहाणा दिसतो. "सध्या राहतेस तिथेच येते, चहा घेऊ" म्हणा. रविवारची सकाळ किंवा कामाच्या दिवशी रात्री ९ ची वेळ चांगली, कारण तेव्हा घर आवरलेलं नसतं.

मी कोपरखैरण्याला एकीकडे अशीच गेले होते. माथाडी वसाहतीजवळची बैठी खोली, जेमतेम दोन माणसं मावतील एवढी. सिंकमध्ये चहाचं पातेलं होतं, घासायचं. जमिनीवर अंथरूण अर्धवट गुंडाळलेलं. पण फ्रिजच्या दारावर चुंबकाने एक कागद लावला होता, महिन्याच्या तारखा आणि दुधाच्या पिशव्यांच्या खुणा. १४ आणि १५ तारखेवर फुली, शेजारी बारीक अक्षरात "मी गावी". मी विचारलं हे काय. ती म्हणाली, "ते दोन दिवस दूध रूममेटनेच वापरलं ना, तिच्याकडे लावायचं. आणि तिचे पुढच्या आठवड्यातले माझ्याकडे." पातेलं विसरा. त्या फुलीवर मी तिला निवडलं आणि आम्ही तीन वर्षं एकत्र काढली. घर आरशासारखं असणं मी सोडून दिलंय, हिशेब सरळ असावा लागतो.

काय बघाल? सिंक, बाथरूमचा कोपरा, गिझरचं बटण चालू राहिलंय का. घरकामाच्या मावशींशी, वॉचमनशी ती कशी बोलते. तुमच्यासमोर आईचा फोन आला तर कसा घेते. कपाटाला कुलूप आहे का, आणि असलं तर का, हेही मी विचारते. कधी कधी त्या कुलपामागे आधीच्या रूममेटचा मोठा किस्सा निघतो.

आधीच्या रूममेटला फोन करा आणि दोनच प्रश्न विचारा. भाडं कोणत्या तारखेला द्यायची? परत तिच्यासोबत राहशील का? दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तराआधी किती वेळ गेला ते मनात मोजा.

सावध: एकाच भेटीत "चल, पक्कं" म्हणू नका. एक रात्र जाऊ द्या. आधीपासून फ्लॅट चालू असेल आणि फक्त एक जागा रिकामी असेल, तर तिला चार दिवस पाहुणी म्हणून राहायला बोलवा, मालकाला सांगून. त्या चार दिवसांत एक कामाचा दिवस आणि एक रविवार असलाच पाहिजे.

आणि हो, हातात फ्लॅट आहे, रूममेट अचानक गेलीय, भाडं डोक्यावर आहे, अशांसाठी: रिकाम्या जागेचं एका महिन्याचं भाडं नेहमी बाजूला ठेवा. ते पैसे घाई न करण्याची किंमत आहेत.

टप्पा ६ : पैशाची बैठक

इथे बसायला एक तास काढा, कॅल्क्युलेटर आणि वही घेऊन. लाजू नका. यात लाजणारी मुलगीच नंतर मला रात्री ११ ला फोन करून रडते.

भाड्याची वाटणी. एक बेडरूम मोठी, त्याला जोडून बाथरूम, आणि दुसरी हॉलमध्ये झोपणार असेल, तर अर्धं-अर्धं हा अन्याय आहे. माझी पद्धत अशी. २४,००० भाडं असेल तर प्रत्येकीने चिठ्ठीवर लिहायचं, बेडरूमसाठी मी किती देईन. एकीने १४,००० लिहिले, दुसरीने १३,०००, तर बेडरूम पहिलीची १४,००० ला आणि हॉल दुसरीला १०,००० ला. दोघी खूश, कारण किंमत दोघींनीच लावली.

वीज. सर्वांत जास्त भांडणं इथे. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांत चढतं: १०० युनिटपर्यंत एक दर, १०१ ते ३०० चा जास्त, ३०१ ते ५०० चा त्याहून जास्त. समजा एसी नसताना तुमच्या घराचा वापर १६० युनिट आहे, म्हणजे दोघींचे ८०-८०. एकीने बेडरूममध्ये दीड टनाचा एसी रात्री ८ तास लावला. तासाला साधारण सव्वा युनिट धरलं तर दिवसाला १०, महिन्याला ३०० युनिट. घराचा वापर १६० वरून ४६० वर. आता ३०० च्या पुढचे १६० युनिट वरच्या टप्प्यात गेले, आणि जिने पंख्यावर रात्र काढली तीही त्या चढ्या दराचं अर्धं बिल भरतेय. नुसती युनिट मोजून सरासरी दराने वाटलं तरी ती फसतेच.

उपाय सोपा आहे. एसी बंद असलेल्या महिन्याचं बिल घ्या, तो पाया. पाया दोघींत अर्धा. त्याच्यावरची सगळी रक्कम एसीवालीची. हे पहिल्याच महिन्यात लिहून ठेवा. मे महिन्यात बिल हातात घेऊन ठरवायला बसलात तर ते बोलणं शांतपणे होत नाही.

गॅस. पाइप गॅसचं बिल दोन महिन्यांनी येतं, त्यामुळे मध्येच सोडून जाणारीचा हिस्सा हमखास राहतो. निघताना मीटरचा फोटो काढून हिशेब करा.

डिपॉझिट. कुणी किती दिलं, कोणत्या तारखेला, यूपीआयने मालकाच्या खात्यात थेट. एकीने सगळं भरलं आणि दुसरीने "तुला हळूहळू देते" म्हटलं, असं करू नका. मध्येच एक जण गेली तर नवी येणारी तिच्या हिश्शाचं डिपॉझिट जुनीला देते, हीच इथली चालती पद्धत. पण जुनी जाताना भिंत खराब, नळ तुटलेला, हे कुणाच्या डोक्यावर? म्हणून घर सोडण्याच्या दिवशी तिघींनी मिळून फेरी मारायची आणि दुरुस्ती जुनीच्या हिश्शातून कापायची.

रोजचा खर्च. दूध, तेल, साबण, मावशींचा पगार यांसाठी महिन्याच्या १ तारखेला दोघींनी ठरावीक रक्कम एका डब्यात किंवा एका खात्यात टाका. प्रत्येक कोथिंबिरीच्या जुडीची नोंद अॅपवर ठेवणाऱ्या रूममेट मी पाहिल्यात. तो नाद वर्षभर टिकत नाही.

तपासा: बैठकीत ती "आपण बघू गं नंतर, पैशाचं काय एवढं" असं दोनदा म्हणाली तर सौम्यपणे परत त्याच मुद्द्यावर या. तिसऱ्यांदा म्हणाली तर उठा.

टप्पा ७ : एका पानावर घरचे नियम

हे पान कायद्याचं नाही, आठवणीचं आहे. दोघींच्या हस्ताक्षरात, खाली तारीख. दहा ओळींच्या वर जाऊ देऊ नका.

पाहुण्यांची ओळ पहिली लिहा. "माझा भाऊ दोन दिवस येतोय, परीक्षा आहे" असं म्हणत आलेला भाऊ निकाल लागेपर्यंत राहिलेला मी पाहिला आहे. कोण, किती रात्री, आधी किती दिवस सांगायचं. दोघींच्या आया वेगळ्या धरा. आई आली की ती पाहुणी नसते, ती स्वयंपाकघर ताब्यात घेते. ते आवडतं की नाही, आधीच बोला.

खाणं. एक शाकाहारी, एक मासे खाणारी, हे जमतं, मी जमवलंय. पण सुकट भाजायची ती कधी, खिडकी उघडून की नाही, तवा वेगळा का, हे ठरलेलं हवं. श्रावणात, गुरुवारी, चतुर्थीला काय, तेही. माझ्या शाकाहारी रूममेटने एकच अट घातली होती: फ्रिजमध्ये मासळी ठेवायची तर झाकणाच्या डब्यात आणि खालच्या कप्प्यात. बाकी तिने कधी नाक मुरडलं नाही.

बाकी पटापट: रात्री १० नंतर फोन स्पीकरवर नको, गॅसचा रेग्युलेटर शेवटी निघणारीने बंद करायचा, लॅचच्या चाव्या किती आणि कुणाकडे, गणपतीला आणि दिवाळीला दोघी गावी जाणार असतील तर चावी कुणाकडे ठेवायची, आणि एकीला सोडायचं असेल तर किती दिवस आधी सांगायचं. शेवटच्या ओळीत ३० दिवस लिहा.

टप्पा ८ : आता टोकन, आणि करार

माणूस ठरला, पैसा ठरला, आता दोघी मिळून फ्लॅट बघा. टोकन देण्याआधी सोसायटीच्या ऑफिसात स्वतः जाऊन विचारा: बॅचलर चालतात का, पाहुण्यांची नोंद कशी, रात्री गेट बंद होतं का. एजंट "सब हो जाएगा" म्हणतो, आणि त्याचं सगळं ब्रोकरेज मिळेपर्यंतच चालतं.

करारात दोघींची नावं. हे ठळक अक्षरात मनात लिहा. माझे १८ हजार इथेच गेले. कोपरखैरण्याच्याच माझ्या आधीच्या एका घरी भाडं १८,००० होतं, करार माझ्या एकटीच्या नावाने, ६ महिन्यांचा लॉक-इन, म्हणजे तोवर घर सोडता येत नाही. माझी रूममेट चौथ्या महिन्यात गेली आणि फोनवर म्हणाली, "करार तुझ्या नावावर आहे ना, मग माझा काय संबंध?" तिचा हिस्सा ९,००० होता. दोन महिने तो मी भरला.

करार नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे आपला नेहमीचा भाड्याचा, करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोटरीचा शिक्का मारलेला कागद म्हणजे नोंदणी नव्हे. आजकाल एजंट लॅपटॉप आणि अंगठ्याचं मशीन घेऊन घरीच येतो. खर्चाचा अंदाज घ्या म्हणजे कुणी फुगवणार नाही: मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवरचं वार्षिक १० टक्क्यांनी व्याज, या बेरजेच्या ०.२५ टक्के. २४,००० भाडं, ७५,००० डिपॉझिट, ११ महिने, तर ते ६७७ रुपयांच्या आसपास येतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १,०००. एजंटची फी आणि इतर किरकोळ शुल्क वेगळं, पण "स्टॅम्प ड्युटीच ५,००० लागते" म्हणणाऱ्याला हा हिशेब दाखवा.

पोलिसांना भाडेकरूची माहिती देणं हे मालकाचं काम. ते झालं की पावतीची प्रत तुम्ही दोघीही मागून ठेवा. आधारची प्रत देताना पहिले ८ आकडे झाकलेली मास्क्ड प्रत द्या, नोंदणीला जिथे पूर्ण आधार लागतो तिथेच पूर्ण वापरा. रूममेटचं आधार व्हॉट्सअॅप ग्रुपवर तर कधीच टाकू नका.

सावध: "तिसरीला घेऊ, मालकाला कळवायला नको" हा बेत करू नका. करारात नाव नसलेली व्यक्ती राहताना सापडली तर घर दोघींचंही जातं.

टप्पा ९ : पहिले ३० दिवस

चावी हातात आली की सामान आत न्यायच्या आधी मोबाइलवर सगळ्या भिंती, नळ, खिडक्या, मीटर यांचं शूटिंग करा आणि मालकाला त्याच दिवशी पाठवा.

पहिल्या आठवड्यात काहीही सहन करू नका. उलटं वाटेल, पण पहिल्या आठवड्यात "गिझर बंद कर हं" हे सहज बोललं जातं, आणि तिसऱ्या महिन्यात त्याच वाक्याला आरोपाचा वास येतो. माझ्या कुकरबद्दल ती मुलगी पहिल्या सोमवारीच बोलली असती तर मी भात रात्रीच लावून ठेवला असता.

३० व्या दिवशी अर्धा तास बसा, वही काढा. काय चालतंय, काय नाही, नियमांच्या पानावर कोणती ओळ बदलायची. तीच तीच गोष्ट तीनदा सांगून झाली असेल, किंवा भाड्याची तारीख पहिल्याच महिन्यात टळली असेल, तर लगेच वेगळं व्हायचं ठरवा. लॉक-इन असेल तर बदली व्यक्ती कोण आणणार ते त्याच बैठकीत लिहा: जी जातेय ती.

वेगळं होताना: महिन्याच्या शेवटच्या तारखेचं वीज आणि गॅस मीटरचं रीडिंग दोघींच्या फोनमध्ये, दुरुस्ती कापून डिपॉझिटचा हिशेब यूपीआयने, लॅचच्या चाव्या मोजून परत. मालकाला लेखी कळवा, आणि नव्या रूममेटच्या नावासकट करार नव्याने नोंदवा. पोलिसांकडची माहितीही मालकाला बदलायला लावा. वायफाय कुणाच्या नावावर आहे ते तेवढं बघा. माझ्या नावावरचं एक बिल मी खारघर सोडल्यावरही चार महिने भरत होते.